भूत सांगलीहून आलं

दुर्गाघाट, वाराणसी
३० नोव्हेंबर २०२३

ती. लतिकाआत्यास,
कस्तुरीचा शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालीस, "तू 'सब ठीक है' म्हणतेस आणि फोन ठेवतेस. यापुढे पत्र लिही, पत्रातून इतक्या पटकन पळता येत नाही." बरं बाई, बसले लिहायला. मराठी बिघडली तर रागवू नकोस. माझी मराठी घरात चालते, गलीत उतरलं की बंद पडते.

तर पहिली बातमी. मी चित्रपट करते आहे. वीस मिनिटांचा, भुताचा, आणि मूक. हसू नकोस! आजकाल जगभर लोक असे चित्रपट नव्याने काढतायत, शंभर वर्षांपूर्वीच्या मूकपटांसारखे. रंग नाही, बोलणं नाही. पांढरेफटक चेहरे, डोळ्यांभोवती काजळ, भिंतीवर ही एवढी मोठी सावली, आणि मध्येच काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत एखादं वाक्य. नेहमीचे भयपट कान फोडतात, दार उघडलं की धडाम. इथे दार उघडतं आणि काहीच ऐकू येत नाही. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा उशी तोंडावर घेऊन बसले होते. केरळात अशा चित्रपटांचा एक महोत्सव असतो, तिथे फेब्रुवारीअखेर पाठवायचा आहे.

कॅमेऱ्यावर शार्दूल आहे, माझ्याबरोबर शिकलेला. तो एरवी लग्नाचे व्हिडिओ काढतो, त्यामुळे भुतावरही गुलाबाच्या पाकळ्या उधळू या म्हणतो. नवीन चित्रीकरणावर जुने ओरखडे पाडायचं काम त्याच्याकडेच आहे. नट म्हणून ऋतुराज, बँकेत बदली होऊन लातूरहून आलेला, नाटकाचा शौकीन. कमी आहे ती पाट्यांची. त्या तू लिहून दे ना. तू मराठीची बाई, आणि माझी मराठी म्हणजे खिचडी.

बाबा ठीक आहेत. जेवतात, झोपतात, खिडकीत बसतात. आई सकाळी शाळेत शिकवते आणि संध्याकाळी मला. बाकी मजेत.

तुझी,
कस्तुरी


सांगली
९ डिसेंबर २०२३

चि. कस्तुरी,
आशीर्वाद, पण जरा हात आखडूनच.

"जेवतात, झोपतात, खिडकीत बसतात." हे मांजराचं वर्णन झालं, माझ्या दादाचं नाही.

चैत्रात त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, गाठीबरोबर आवाजही गेला. जीव वाचला, देवाची कृपा. पण ज्या माणसाने दुर्गाघाटावर संकल्प सांगायला घेतला की शेजारच्या पंचगंगा घाटावरचे नावाडी वल्ही थांबवायचे, तो माणूस आता कसा आहे हे मला कोणी धड सांगत नाही. फोनवर त्याच्याशी बोलता येत नाही. पत्रं पाठवली तर उत्तर नाही. आवाज गेला, हात तर शाबूत आहे ना? वहिनीला विचारलं तर ती विषय बदलून तुझ्या लग्नावर येते.

आणि तू काय करतेस? बापाचा आवाज गेला आणि पोरगी मूकपट काढते! जगात दुसरा विषय मिळाला नाही तुला? लोक हसतील, म्हणतील काशीनाथ गुरुजींच्या घरात आता सगळाच मूक कारभार. तुला काळीज आहे की तिथेही कॅमेराच बसवलाय? पाट्या-बिट्या मी लिहिणार नाही.

मी आणि आमच्या ह्यांनी ठरवलं आहे. शिवरात्र झाली की आम्ही येतो आणि दादा-वहिनीला इकडे घेऊन येतो. खालची खोली रिकामीच आहे. भिक्षुकी करता येत नाही तर तिथे कुणाची तोंडं बघत बसायचं? वहिनीच्या कानावर घातलं आहे. ती नाही म्हणाली नाही.

लतिकाआत्या


दुर्गाघाट
१६ डिसेंबर २०२३

ती. आत्यास नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी आधी खूप रडले, मग खूप रागावले, मग दोन कचोऱ्या खाल्ल्या आणि आता लिहिते आहे.

खरं ऐकायचंय ना? ऐक. बाबा घाटावर जात नाहीत. ऑपरेशननंतर एकदाही घराच्या पायऱ्या उतरले नाहीत. यजमान आले की आतल्या खोलीत जाऊन दार लावतात. डॉक्टरांनी घशाला लावायचं यंत्र दिलंय, त्यातून खरखर बोलता येतं. एकदा लावलं, स्वतःचा आवाज ऐकला आणि कपाटात टाकून दिलं. लिहीतही नाहीत. काही हवं असेल तर खिडकीच्या गजावर पेला वाजवतात. आवाज गेलेल्या माणसांचे ओठ तरी हलतात, बाबा तेही हलवत नाहीत. मी हे फोनवर कसं सांगू? ते त्याच खोलीत असतात.

म्हणून मूकपट, आत्या. मला वाटलं, एक तरी जागा अशी असावी जिथे कोणालाच आवाज नसतो. तिथे माझे बाबा कोणापेक्षा कमी नाहीत. ते बघायलाही येणार नाहीत कदाचित. पण हसण्यासाठी करते आहे असं तू कसं म्हणालीस?

आणि त्यांना सांगलीला नेऊ नकोस. तिथेही ते खिडकीतच बसतील, फक्त खिडकीतून गंगा दिसणार नाही. मला ते घाटावर परत हवेत. बस, एवढंच हवंय.

आता चित्रपटाचं ऐक, म्हणजे तुझा राग उतरेल, कारण आमची पार फजिती झाली आहे. ऋतुराजला भूत केलं. अंगभर देवघरातलं भस्म, डोळ्यांत काजळ, केस पिंजारलेले, खांद्यावर घोंगडी. घाटाच्या सीढीवर बसवला. शार्दूल म्हणाला, "एकदम खतरनाक!" दुसऱ्या कुठल्याही गावात लोक पळाले असते. इथे एक अख्खं कुटुंब आलं आणि पाया पडायला लागलं. एका बाईंनी विचारलं, "बाबाजी, बिटिया का ब्याह कब होगा?" ऋतुराज बँकेतला माणूस, म्हणाला, "मार्च एंड होऊ द्या." कोणी दहाची नोट ठेवली तर ती उचलून सवयीने उजेडाकडे धरून बघितली. चित्रीकरणात घाबरलेला माणूस एकही नाही, रांग मात्र आहे. त्यात त्याचं तोंड एक क्षण बंद राहत नाही. भूत म्हणून तो फेल.

शिवाय विश्वेश्वरकाका नाराज. तेच, आपल्या शेजारचे, बाबांचे जुने जोडीदार. त्यांच्या चौकात आणि जिन्यावर चित्रीकरण करायचं ठरलं होतं. त्यांनी गोष्ट विचारली. मी सांगितलं, मणिकर्णिकेवर जळलेल्या एका माणसाचं भूत होतं. ते काठी आपटत उठले. "काशीत देह ठेवला त्याच्या कानात स्वतः विश्वनाथ मंत्र सांगतो. तो भूत होऊन येईलच कसा? म्हणजे तुझ्या मते देवाचा मंत्र लागू पडला नाही?" आणि जिन्याला कुलूप. मी काशीची पोर, घाटावर वाढलेली, आणि एवढी मोठी गडबड माझ्या लक्षातच आली नाही! आता भूत कुठून आणू?

कस्तुरी


सांगली
२३ डिसेंबर २०२३

चि. कस्तुरी,
खूप खूप आशीर्वाद. या वेळी दोन्ही हातांनी.

तुझं पत्र वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. हे आत आले आणि म्हणाले, "कांदा इतका तिखट आहे का?" ओट्यावर कांदा नव्हताच. मी तुला नको ते बोलले. माझी जीभ अशीच आहे, तुला ठाऊक आहे, तरी तुला लागलं ते लागलंच. विसरून जा बाळा.

विश्वेश्वराचं म्हणणं मात्र शंभर टक्के बरोबर आहे. काशीत भूत कसलं? भूत बाहेरगावचंच पाहिजे. मी विचार केला आणि म्हटलं, सांगलीचं घे! त्यावर हे भडकले. "सांगलीच का? पुण्याची भुतं संपली का?" मी म्हटलं, पुण्याचं भूत काशीला कशाला जाईल, त्याचं पुण्यात उत्तम चाललेलं असतं.

तर गोष्ट अशी. सांगलीचा एक भिक्षुक. जन्मभर दुसऱ्यांच्या पितरांना पाणी दिलं. स्वतः गेला तेव्हा त्याला पाणी द्यायला मागे कोणी नाही. म्हणून मुक्ती मागायला काशीला येतो. एका तरुण गुरुजीच्या दाराशी जातो, जिन्यात उभा राहतो, खिडकीतून बघतो. पण भुताला आवाज नसतो. त्याला काय हवंय ते कोणाला कळत नाही, लोक नुसते किंचाळून पळतात. तो बिचारा मागे मागे जातो आणि ते आणखी घाबरतात. इथवर लिहिलं आणि मी कोणाबद्दल लिहिते आहे ते माझ्याच लक्षात आलं. पाच मिनिटं पेन खाली ठेवलं होतं.

पहिली पाटी सोबत लिहिते आहे. "हे काशीनिवासी सज्जनहो! दक्षिण देशातून, कृष्णेच्या तीरावरील सांगली नामक नगरीतून, अनारक्षित डब्यातून उभ्याने प्रवास करीत, क्षुधेने व तृषेने व्याकूळ असा मी आपल्या द्वारी पातलो आहे, तरी कृपाळू होऊन मजला ओंजळभर जल द्यावे." कशी आहे?

तिकिटं मात्र काढली आहेत हो. शिवरात्रीनंतरची. तोवर दादा खाली उतरला तर मी आठ दिवस राहीन, कचोऱ्या खाईन आणि मुकाट्याने परत येईन. नाही उतरला तर दोघांना घेऊन येईन. मग तू मध्ये बोलायचं नाहीस.

आत्या


दुर्गाघाट
१० जानेवारी २०२४

आत्या, आत्या, आत्या!

नमस्कार वगैरे सगळं आहेच. आधी बातमी ऐक. बाबा खाली उतरले!

थांब, सगळं सांगते. तुझी गोष्ट ऐकून विश्वेश्वरकाका खूश. "सांगलीचं? मग काही हरकत नाही," म्हणाले आणि जिन्याचं कुलूप निघालं. ऋतुराजला तरुण गुरुजी केला, त्याला किंचाळायला सांगितलं की झालं, तो मनापासून किंचाळतो. भूत काही मिळेना, म्हणून घोंगडी मीच पांघरली. (तुझी पाटी फार सुंदर आहे. पण ती वाचून होईपर्यंत भूत म्हातारं होईल. मी तिचं "पाणी द्या" असं केलंय. रागावू नकोस.)

काल सकाळी आपल्याच खिडकीखाली चित्रीकरण होतं. धुकं असं की पलीकडची वाळू दिसत नव्हती, शार्दूल तर नाचायचा बाकी होता. ऋतुराज पाण्यात उभा, पितरांना तर्पण देतोय. जानवं डाव्याच खांद्यावर, आणि पाणी बोटांच्या टोकांवरून सोडतोय.

वरून पेला वाजला. ठण ठण. मी लक्ष दिलं नाही, म्हटलं "चालू ठेव". परत पेला, जोरात. ऋतुराजने दुसरी ओंजळ तशीच सोडली. मग पेला थांबला आणि जिन्यावर पावलं वाजली.

बाबा आले, अनवाणी, अंगावर शालसुद्धा नाही. घाटावरचे सगळे जिथल्या तिथे थांबले. बाबांनी कोणाकडे पाहिलं नाही. सरळ पाण्यात उतरले, ऋतुराजचं जानवं उजव्या खांद्यावर केलं, त्याचा तळहात धरून वळवला आणि अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधून पाणी सोडायला लावलं. पितरांचं पाणी तिथूनच जातं, बोटांच्या टोकांवरून देतात ते देवांना. एकदा करून दाखवलं, दोनदा, तिसऱ्यांदा त्याच्या हातावर चापट. आवाज असता ना आत्या, तर बाबा खिडकीतूनच ओरडले असते, "अरे गाढवा, देवांना देतोस का पितरांना?" आणि परत जाऊन बसले असते. आवाज नाही म्हणून उतरावं लागलं!

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भुतासारखी लडखडत चालत होते. नापास मुलाकडे बघावं तसं मला खालून वर पाहिलं आणि माझ्या अंगावरची घोंगडी ओढून स्वतः घेतली. काही केलं नाही गं त्यांनी. नुसते पायरीवर उभे राहिले आणि मान हळूच वर केली. ऋतुराज खरोखर घसरून पाण्यात पडला. तो पडला ते अभिनयात नव्हतं.

मी धीर करून म्हटलं, "बाबा, मूकपटात सगळे बोलतात. फक्त ऐकू येत नाही. तुम्ही पण बोला." मग ओठ हलले. चैत्रानंतर पहिल्यांदा. ते काय म्हणत होते ते मला कळलं नाही, माझे डोळे भरले होते आणि कॅमेऱ्याची काच समजून मी डोळेच पुसत होते. आज सकाळी ते माझ्या आधी तयार होऊन बसले होते, चेहऱ्याला स्वतःच भस्म लावून.

तुझी वेडी झालेली,
कस्तुरी


सांगली
१९ जानेवारी २०२४

चि. कस्तुरी,
आशीर्वाद.

ह्यांनी पत्र मोठ्याने वाचलं, मी दोनदा वाचायला लावलं. मग शेजारी पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर म्हटलं, भाऊ भूत झाला. बाई दार लावून आत गेली.

आता मला एक सांग. अंगठ्याचं तुला माहीत नव्हतं? तू सात वर्षांची असताना घाटावर बसून यजमानांचे हात सरळ करायचीस, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. मग ऋतुराजला दुसऱ्यांदा चुकू कसं दिलंस? आणि अख्खी काशी सोडून चित्रीकरण आपल्याच खिडकीखाली? पोरी, मी मास्तरीण होते. मला फसवणं सोपं नाही. उत्तर नकोय. मला कळलंय हे तुला कळलं, एवढंच कळव.

दादाला आम्ही गणपतीच्या मेळ्यात नेहमी राक्षसाचं काम द्यायचो, घसा मोठा म्हणून. तो इतका ओरडायचा की त्याचं तोंड कसं दिसतं याकडे कोणी बघितलंच नाही. आता बघतील.

पण वहिनीचा फोन आला होता. रडत होती. "जित्याजागत्या माणसाला पितरांचं पाणी द्यायचं? पडद्यावर का होईना, मला सोसवणार नाही," म्हणाली. खरं सांगू का, मलाही ते नको वाटलं. आत्ता कुठे मरणाच्या दारातून परत आलाय तो. वहिनीला दुखवून हे करू नकोस. शास्त्र दादाला माहीत आहे, त्यालाच विचार. तो नको म्हणाला तर शेवट बदल. भूत तसंच परत सांगलीला पाठव, आम्ही सांभाळू.

हे भुतासाठी आपला काळा कोट पाठवतायत. सांगलीचा माणूस काशीत घोंगडीवर फिरतो हे त्यांना पटत नाही.

आत्या


दुर्गाघाट
१९ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास,
नमस्कार. (तुला कळलंय, हे मला कळलं. बस.)

इतके दिवस लिहिलं नाही, कारण मूकपटाच्या कामात बोलायलाही फुरसत नव्हती. सांगलीहून आलेला काकांचा कोट बाबांना गुडघ्यापर्यंत येतो, त्यामुळे भूत जास्तच भयानक झालं. काकांना थँक्यू सांग.

आईचं मी बाबांना विचारलं. आई पोळ्या लाटत होती, पाठ वळवून. बाबा तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले, ओट्यावर पीठ पसरलं होतं त्यात बोटाने लिहिलं, "शेवटची ओंजळ." ऑपरेशननंतर त्यांनी लिहिलेले हे पहिले शब्द. आईला लगेच कळलं, ती काय कमी वर्षं गुरुजींच्या घरात आहे? तर्पणातली शेवटची ओंजळ कोणाच्या नावाची नसते. ज्यांचं जगात कोणी नाही त्या सगळ्यांची असते, ती रोज देतात. सांगलीच्या भुताला तीच द्यायची. बाबांना नाही, कोणालाच नाही, ज्याला कोणी नाही त्याला. आई म्हणाली, "पीठ वाया घालवलंत," आणि हसली. मग पदराने डोळे पुसले, तर सगळ्या तोंडाला पीठ.

काल दिवेलागणीनंतर विश्वेश्वरकाकांच्या चौकात खेळ केला. पांढरी चादर बांधली, कोपऱ्यात एक पखवाज. आपली सगळी मराठी मंडळी आली, बाबांचे यजमान आले, गलीतले चहावाले, दूधवाले आले. काका दारात उभे राहून प्रत्येकाला सांगत होते, "सांगलीचं आहे हं, अपना नहीं है." बाबा येणार नाहीत असं मला वाटत होतं. आईने मागे दाराजवळ त्यांना उभं केलं होतं, हे मला नंतर कळलं.

लोक घाबरले, आत्या! काकांच्या जिन्यावर बाबांची सावली चढते, आधी बोटं, मग हात, तेव्हा बायका किंचाळल्या. ऋतुराज स्वतःलाच पडद्यावर बघून शार्दूलचा दंड धरून बसला होता. मी म्हटलं, जमलं.

शेवटच्या प्रसंगात मी पखवाज थांबवायला सांगितला होता. एकदम शांतता, म्हणजे भीती वाटेल. पडद्यावर भूत पाण्यात उभं आहे. गुरुजी पळून पळून दमलाय, त्याच्यासमोर गुडघ्यावर आलाय. भूत ओंजळ धरतं आणि ओठ हलवतं. मोठ्ठा चेहरा, पांढरा, आणि नुसते ओठ. यानंतर तुझी ती मूळची अख्खी पाटी यायची होती, या वेळी मी काही कापलं नव्हतं तिच्यातलं, शपथ.

ती पाटी कोणी वाचलीच नाही. बाबांचे ओठ हलले आणि पुढच्या रांगेतून विश्वेश्वरकाका म्हणायला लागले. शेवटच्या ओंजळीचा मंत्र, मोठ्याने. त्यांच्या मागून दुसऱ्या रांगेतले. मग सगळे. ओठांवरून ओळखलं गं त्यांनी! इतकी वर्षं बाबांच्या समोर बसून त्यांनी तो ऐकलाय. चहावाल्यालासुद्धा येत होता. अख्खा चौक बाबांच्या ओठांबरोबर म्हणत होता, एक शब्द पुढे नाही, एक मागे नाही. माझा मूकपट राहिला बाजूला! लोकांना घाबरवायला आलेल्या भुताला त्यांनी तिथल्या तिथे मुक्ती देऊन टाकली.

मग दिवे लागले आणि लोकांनी मागे वळून पाहिलं. बाबा दारात, हात जोडलेले, डोळ्यांतून धारा. कोणी "अरेरे" म्हटलं नाही. काका काठी टेकत गेले आणि म्हणाले, "उद्या सकाळी ये. मी म्हणतो, तू हात सांभाळ." आणि आज बाबा गेले. आत्या, बाबा घाटावर गेले! मी वरून खिडकीतून बघत होते. खिडकी रिकामी होती, म्हणून मला बसता आलं.

चित्रपट केरळला पाठवलाय. घेतील न घेतील, मला आता पर्वा नाही. खोटं, थोडी आहे.

कस्तुरी


दुर्गाघाट
२३ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. लतिका हिस,
काशीनाथचे अनेक आशीर्वाद.

तुझी सर्व पत्रे मिळाली होती. उत्तर दिले नाही. बोलता येत नाही तर लिहायचे तरी कशाला, असा राग होता. तो कोणावर होता ते आता आठवत नाही. अक्षर वाईट आले आहे, सांभाळून घे. हात बरेच दिवस बसून होता.

त्या दिवशी मी दाराशी उभा होतो. एवढी वर्षे मी पुढे म्हणायचो आणि यजमान मागून पुटपुटायचे. मला वाटायचे, हे नुसती तोंडे हलवतात, दक्षिणा दिली की विसरतात. सगळ्यांना पाठ होते ग! मला वाटत होते की माझा आवाज गेला म्हणजे ते सगळेच गेले. ते तर या लोकांकडे होते, आणि मी दार लावून आत बसलो होतो.

विश्वेश्वर एका ठिकाणी चुकतो. रोज तेच चुकतो. मी रोज चापट मारतो. सकाळी तो म्हणतो, मी हात दाखवतो, आणि यजमानांचे म्हणणे असे की पूर्वीपेक्षा आता नीट समजते. पाटीवर लिहून मी भांडतोसुद्धा. तुझी वहिनी म्हणते, मूकपटात काम केल्यापासून तुमचे बोलणे फार वाढले आहे.

सांगलीला आम्ही येणार नाही. तू मात्र ये, तिकीट रद्द करू नकोस, शिवरामरावांना कोट परत न्यायचा आहे. आणि येताना थोडी तयारी करून ये. कस्तुरीने नवीन गोष्ट लिहायला घेतली आहे. तिला एक हडळ पाहिजे. डोळे मोठे, बोट सतत रोखलेले, आणि घरातले सगळे जिला पाहून चळाचळा कापतात अशी. मुलगी चार दिवस शोधते आहे. मी तुझे नाव सुचवले आहे.

तुझा,
दादा